खिळ्यांपासून मॅक्रोपर्यंत

पुस्तक नीट छापलेले असेल तर त्याच्या छपाईकडे आपले लक्षच जात नाही. मथळा कोणता, अवतरण कुठे सुरू झाले, तळटीप कुठली, हे डोळ्यांना आपोआप कळत जाते. पूर्वी ही किमया जुळाऱ्याची असे. लेखक हाताने लिहिलेले कागद छापखान्यात देई. संपादक समासात लाल शाईने खुणा करी: हे ठळक, हे मधोमध, इथून नवा परिच्छेद. मग जुळारी केसमधून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये ओळ जुळवी. अवतरण आले की दोन्ही बाजूंना किती जागा सोडायची, कवितेची ओळ किती आत घ्यायची, हे त्याला कुणी दर वेळी सांगत बसत नसे. प्रत्येक छापखान्याची एक रीत ठरलेली असे आणि ती जुळाऱ्याच्या हातात मुरलेली असे.

मग खिळे गेले, संगणक आला. खिळे भंगारात गेले हे आपण सगळ्यांनीच पाहिले. पण जुळाऱ्याच्या हातातली ती रीत कुठे गेली? या प्रश्नामागे जरा लागलो, तेव्हा एक मोठा मनोरंजक इतिहास हाती आला. तोच आज सांगणार आहे. मी संगणकाचा जाणकार नव्हे, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली. पण माझी एक भाची गणिताचा प्रबंध 'लाटेख' नावाच्या प्रणालीत लिहीत होती, तिच्या पडद्यावर डोकावताना दोन शब्द पहिल्यांदा कानी पडले. एक 'मॅक्रो' आणि दुसरा 'एन्व्हायर्नमेंट'. हे दोन शब्द म्हणजे जुळाऱ्याच्या त्या रीतीची आजची नावे आहेत, असे मला वाटते.

आधी मॅक्रो म्हणजे काय ते पाहू. शाळेतल्या माणसाला समजावून सांगायचे तर सोपे आहे. शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यावर मजकूर आधीच छापलेला, मध्ये रिकाम्या जागा: नाव, जन्मतारीख, इयत्ता, शेरा. लेखनिक फक्त जागा भरतो, बाकीचा मजकूर तो दर वेळी लिहीत नाही. मॅक्रो असाच असतो. एखादे काम पुन्हा पुन्हा करायचे असेल तर ते एकदाच सविस्तर लिहायचे, त्याला एक नाव द्यायचे, आणि पुढे नुसते नाव घ्यायचे. यंत्र त्या नावाच्या जागी सगळा मजकूर आणून ठेवते आणि रिकाम्या जागा आपण सांगू तशा भरते. 'टेख' या मूळ प्रणालीत एका मॅक्रोला अशा जास्तीत जास्त नऊ रिकाम्या जागा ठेवता येतात. नाव ओळखू यावे म्हणून त्याच्याआधी एक उलटी तिरकी रेघ देतात आणि जागा भरायचा मजकूर महिरपी कंसात लिहितात. महिरपी कंस आपण गणितात संच लिहिण्यासाठी वापरले, ते इथे असे उपयोगी पडतात!

एन्व्हायर्नमेंट हा त्याच घराण्यातला, पण थोडा वेगळा प्रकार. इथे एका ठिकाणी 'बिगिन' म्हणजे 'सुरू' असे लिहून महिरपी कंसात त्या भागाचे नाव द्यायचे, आणि तो भाग संपला की 'एंड' लिहून तेच नाव पुन्हा द्यायचे. मधला सगळा मजकूर त्या नावाच्या अमलाखाली येतो. नाव 'कोट' असेल तर दोन्ही बाजूंचे समास आत येतात. 'व्हर्स' असेल तर मजकूर कवितेसारखा मांडला जातो. 'एन्युमरेट' असेल तर मुद्द्यांना आपोआप क्रमांक पडतात, आणि मधला एखादा मुद्दा काढला तर पुढचे क्रमांक स्वतःच सुधारतात. 'एंड' आले की अंमल संपतो आणि सगळे पूर्ववत होते. आत केलेले बदल बाहेर सांडत नाहीत.

ज्यांनी संस्कृत व्याकरण थोडेफार शिकले आहे, त्यांना इथे पाणिनी आठवल्याशिवाय राहणार नाही. 'अच्' म्हटले की सगळे स्वर, 'हल्' म्हटले की सगळी व्यंजने. दोन अक्षरांच्या नावात सगळी यादी सामावली, हा मॅक्रोच झाला की! आणि अधिकारसूत्र एकदा आले की त्याची हद्द संपेपर्यंत पुढच्या प्रत्येक सूत्रावर त्याचा अंमल चालतो. जवळजवळ चार हजार सूत्रांत सगळी भाषा बसवायची तर दुसरा मार्गच नव्हता. आता, आजच्या या मंडळींनी पाणिनीकडून काही उचलले असे मी म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. फार लिहायचे असेल आणि थोडक्यात लिहायचे असेल, तर माणूस नावे ठेवू लागतो, एवढेच त्यातून दिसते.

आता इतिहासाकडे वळू. 1964 साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत जेरोम साल्टझर यांनी 'रनऑफ' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मजकुराच्या मध्ये एखादी ओळ टिंबाने सुरू झाली की ती मजकूर नव्हे, आज्ञा समजायची, अशी त्याची युक्ती. त्याचेच वंशज बेल प्रयोगशाळेत वाढले. तिथे 'युनिक्स' नावाची प्रणाली नुकती आकार घेत होती. 1971 च्या सुमारास तिला पहिले खरे गिऱ्हाईक मिळाले ते प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाचे, आणि तेही मजकूर जुळवण्याच्या कामासाठी. पुढे जो ओसाना यांनी छपाईयंत्र चालवणारा 'ट्रॉफ' लिहिला. त्यात मॅक्रो करण्याची सोय होती, पण नाव दोन अक्षरांपेक्षा मोठे चालत नसे. माइक लेस्क यांनी त्यावर 'एमएस' नावाचा मॅक्रोंचा संच बांधला. परिच्छेदासाठी एक, मथळ्यासाठी एक, असे. नुसत्या ट्रॉफमध्ये लिहायचे म्हणजे समास किती, ओळ किती खाली, हे स्वतः मोजत बसणे आले. मॅक्रो आल्यावर लेखक म्हणू लागला, 'इथे परिच्छेद', आणि मोजमाप मॅक्रोने करावे.

गंमत अशी, की याच सुमारास दुसरीकडे काही मंडळी याच निष्कर्षाला पोचत होती. 1967 साली विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडा सरकारच्या छपाई कार्यालयातल्या एका बैठकीत मजकूर आणि त्याचे रूप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे मांडले. 1969 साली आयबीएम कंपनीत गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी मजकुराच्या भागांना नावे देण्याची 'जीएमएल' ही पद्धत केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे त्या नावात आहेत. तिचेच पुढचे रूप 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले, आणि आज वेबपाने ज्या 'एचटीएमएल'मध्ये लिहितात ती त्याच वंशातली.

आता या कथेचा नायक. डोनाल्ड कनूथ हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक. संगणकशास्त्रावरच्या त्यांच्या महाग्रंथाचे पहिले तीन खंड 1968, 1969 आणि 1973 मध्ये निघाले. ते मोनोटाइपवर, म्हणजे वितळलेल्या शिशाचे खिळे पाडून, जुन्या पद्धतीने जुळवलेले होते. 1977 मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली ती फोटोटाइपसेटिंगची. शिशाचा जमाना तोवर संपत आला होता. ती मुद्रिते पाहून कनूथ निराश झाले. गणिताची चिन्हे, आकडे, त्यांच्यामधली जागा, काहीच पहिल्यासारखे नव्हते. आपलेच पुस्तक आपल्याला पाहवत नाही, ही भावना ज्याचे काही छापून आले आहे त्याला कळेल.

दुसरा कुणी असता तर प्रकाशकाला एक रागाचे पत्र लिहून गप्प बसला असता. कनूथ यांनी स्वतःचे जुळणीयंत्र, म्हणजे जुळणीचा प्रोग्रॅम, करायला घेतला. मे 1977 मध्ये आराखडा झाला. काम लवकर आटोपेल अशी त्यांची कल्पना होती. त्या उन्हाळ्यात चीनच्या दौऱ्यावर जाताना मायकेल प्लास आणि फ्रँक लियांग या दोन विद्यार्थ्यांवर त्यांनी पहिला नमुना करण्याचे काम सोपवले. परत आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की असे काम आराखडा करणाऱ्यानेच पहिल्यांदा स्वतः करायला हवे. 1978 मध्ये 'टेख' चालू लागले. नाव ग्रीक भाषेतल्या कला आणि कौशल्य अशा दोन्ही अर्थांच्या शब्दावरून घेतलेले. शेवटचा उच्चार 'क्स' नव्हे, घशातून येणारा 'ख' आहे. आपल्याला ते जमायला अडचण नाही! पुढे 1982 मध्ये त्यांनी सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहिला. 1986 मध्ये त्याविषयीचे पाच ग्रंथ प्रसिद्ध झाले. थोड्या महिन्यांचे म्हणून घेतलेले काम जवळजवळ दहा वर्षे चालले आणि मूळ महाग्रंथ तेवढा काळ मागे पडला.

मॅक्रोंच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टेख आपल्यासाठी आणि आपल्या सेक्रेटरीसाठी, अशी कनूथ यांची सुरुवातीची कल्पना. त्यामुळे मॅक्रोंची सोय त्यांनी बेताचीच ठेवली होती. पण लोक टेख वापरू लागले आणि मागण्या येऊ लागल्या. गाय स्टील यांच्यासारख्यांनी तर पाठपुरावाच केला. 1982 च्या टेखमध्ये ही बाजू इतकी भक्कम झाली की मॅक्रो वापरून मूळ संख्या शोधण्याचे उदाहरण कनूथ यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात दिले आहे. जुळणीयंत्राने मूळ संख्या शोधाव्यात! मूळ टेखमध्ये सुमारे तीनशे आज्ञा आहेत आणि त्यांवर रोजच्या वापरासाठी आणखी सहाशे कनूथ यांनीच बांधून दिल्या.

तरीही टेख हे कसबी माणसाचे हत्यार राहिले. त्यात लेखक स्वतःच जुळारी होतो. पानाची रुंदी, मथळ्याचा आकार, सगळे त्याच्या हाती. हौशी माणसाला हे सुख वाटते, पण सगळ्याच लेखकांना चांगली नजर असते असे नाही. आमच्या शाळेत संगणक आल्यावर विद्यार्थी प्रकल्प लिहून आणू लागले, त्यांत मथळा तीन रंगांत आणि खाली दोन रेघा! कुणी किती सजवावे याला धरबंध राहत नाही. छापखान्याच्या रीतीत एक शिस्त होती, ती इथे सुटत होती.

ती शिस्त परत आणण्याचे श्रेय लेस्ली लॅम्पोर्ट यांना. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत असताना त्यांना एक पुस्तक लिहायचे होते. त्यासाठी टेखचे मॅक्रो करावे लागणारच होते. थोडे जास्त कष्ट घेतले तर ते इतरांनाही वापरता येतील, असा विचार करून त्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 'लाटेख' बांधले. त्यातला 'ला' त्यांच्या आडनावाचा. 1986 मध्ये त्यांचे त्यावरचे पुस्तक आले आणि गणित-विज्ञानाच्या जगात लाटेख घरोघर झाले. यातली 'सुरू' आणि 'समाप्त'ची कल्पना मात्र त्यांची स्वतःची नव्हे. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीड यांनी 'स्क्राइब' नावाची प्रणाली केली होती, त्यावर 1980 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. लेखकाने फक्त 'हे अवतरण', 'ही यादी' एवढे सांगावे, रूप दुसऱ्या कुणी ठरवावे, हा तिचा गाभा. लॅम्पोर्ट यांनी हे ऋण उघडपणे मानले आहे.

स्क्राइबची पुढची हकीगत थोडी खिन्न करणारी आहे. ती एका कंपनीला विकली गेली, आणि फुकट घेतलेल्या प्रती ठरावीक मुदतीनंतर बंद पडाव्यात अशी योजना तिच्यात केली गेली. प्रोग्रॅम सर्वांना मोकळे असावेत असे मानणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना ही गोष्ट फार लागली. उलट कनूथ यांनी टेख सगळ्यांसाठी खुले ठेवले. चूक दाखवणाऱ्याला ते स्वतः बक्षिसाचा धनादेश देत. 1990 मध्ये त्यांनी जाहीर केले की यापुढे नवे काही घालणार नाही, फक्त चुका दुरुस्त करीन. तेव्हापासून टेखच्या आवृत्तीचा क्रमांक गणितातल्या 'पाय' या संख्येकडे एकेक अंकाने सरकतो आहे. 2021 मध्ये तो 3.141592653 झाला. स्क्राइब आज इतिहासजमा आहे, पण तिची कल्पना दुसऱ्याच्या घरी सुखाने नांदते आहे. 1989 मध्ये लॅम्पोर्ट यांनीही लाटेखची जबाबदारी फ्रँक मिटेलबाख यांच्याकडे दिली. 1994 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली आवृत्तीच आजही सुधारत सुधारत चालू आहे.

आता आपल्या लिपीकडे येऊ. 1991 मध्ये हॉलंडमधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी टेखसाठी देवनागरी अक्षरे तयार केली. रोमन कळफलकावर ठरावीक पद्धतीने लिहायचे, मधला एक प्रोग्रॅम त्याचे देवनागरीत रूपांतर करी. 'आ' हवा तर 'ए' ही कळ दोनदा. 'ट' हवा तर 'टी'च्या आधी टिंब. दिसायला विचित्र, पण प्रत्येक खूण एका अक्षराची होती. त्याच 1991 साली भारत सरकारचे 'इस्की' हे मानक ठरले आणि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी आली. या सगळ्यांत तत्त्व एकच: 'क' म्हणजे 'क' हे अक्षर साठवायचे, त्याचा आकार नव्हे.

महाराष्ट्रातल्या छपाईत मात्र त्या दशकात डीटीपीचा जोर होता, आणि तिथे बहुतेक फाँट उलट्या तत्त्वावर चालत. अक्षराचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धा दंड, हे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेले असे काही भलतेच. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. याची झळ आम्हांला लागली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका त्या काळात एका डीटीपी केंद्रात जुळवून घेतली होती. पन्नास वर्षांच्या आठवणी, गावातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती, त्यांतली कितीतरी माणसे आज नाहीत. पुढे पुनर्मुद्रणाचा विचार झाला तेव्हा सांभाळून ठेवलेली फ्लॉपी कशीबशी उघडली, तर आत रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हांची नुसती खिचडी! तो फाँट आता कुणाकडे नव्हता. छापील प्रत होती म्हणून निभावले. पानन् पान पुन्हा टंकित करावे लागले. ज्या संस्थांकडे छापील प्रतही उरली नसेल, त्यांनी काय करावे?

त्याच दशकात कुणी व्हेल्टहाउस यांच्या पद्धतीने मराठी लिहून ठेवले असेल, तर ते आजही वाचता येते आणि एका छोट्या प्रोग्रॅमने युनिकोडमध्येही आणता येते. कारण त्यात रूप साठवलेले नाही, नाव साठवलेले आहे. मॅक्रो आणि एन्व्हायर्नमेंट यांच्याबद्दलही हेच खरे. 'सतरा पॉइंट, ठळक, मधोमध' असे लिहून ठेवले तर तो मथळा आहे की नुसतीच मोठी ओळ, हे वीस वर्षांनी कोण सांगणार? 'मथळा' असे लिहून ठेवले तर उद्याचा माणूस त्याला हवे ते रूप देईल, पण मथळ्याला मथळाच म्हणेल.

2004 मध्ये जोनाथन क्यू यांनी 'झीटेख' आणले आणि युनिकोडमधली देवनागरी सरळ टेखमध्ये लिहिता येऊ लागली. आपल्या देशातही या विद्येचा अभ्यास झालेला आहे. टेखच्या उपयोजकांची जागतिक परिषद 2002 मध्ये आणि पुन्हा 2011 मध्ये तिरुअनंतपुरमला भरली होती. मराठीत मात्र ही वाट फारशी मळलेली नाही. तिच्यात अडचणीही आहेत, हे सांगायला हवे. एखादा महिरपी कंस बंद करायचा राहिला तर यंत्र जे काही पुटपुटते ते वाचून नवखा माणूस घाबरतो. हौशी लोक स्वतःचे इतके मॅक्रो करून ठेवतात की त्यांचे लिखाण त्यांच्याशिवाय कुणाला लागत नाही. नावे ठेवायची तीही दुसऱ्याला कळतील अशी ठेवावी लागतात.

सगळ्यांनी लाटेख शिकावे असा माझा आग्रह नाही. पण आज गावोगावी शाळांचे, वाचनालयांचे, संस्थांचे इतिहास लिहिले जात आहेत, आणि लिहिणारे बहुतेक माझ्याच वयाचे आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. आणि साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये लिहीत असाल तरी नुसते अक्षर मोठे करून थांबू नका, त्यात 'स्टाइल' म्हणून जी सोय असते ती वापरून मथळ्याला मथळा आणि अवतरणाला अवतरण म्हणा. ती सोय म्हणजे याच मॅक्रोची धाकटी बहीण. पाहा, थोडा वेळ जास्त लागेल. पण आपल्यामागे ती फाइल उघडणाऱ्याला काय कुठे आहे ते कळेल.